गोदामाच्या भिंतीवरचा उजेड

आईच्या सूक्ष्मदर्शकाला मी पहिल्यांदा डोळा लावला तेव्हा मला जंतू दिसला नाही, एक बाई दिसली. तिळाएवढी. डोक्यावर टोपली, टोपलीला धरलेला एक हात, आणि मागे पांढरीशुभ्र भिंत… त्या गोल उजेडाच्या एका कडेनं ती आत शिरली, मधोमध येऊन थांबली, टोपली सारखी केली आणि दुसऱ्या कडेनं निघून गेली. मी मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं, तर चिंचेखालून मंगरीबाई खरोखरच चालली होती, फक्त उलट्या दिशेनं. भिंगात डावीकडं गेलेली बाई बाहेर उजवीकडं जात होती. मी पुन्हा डोळा लावला, पुन्हा बाहेर पाहिलं, पुन्हा डोळा लावला. एवढं मोठं चिंचेचं झाड, सोसायटीच्या गोदामाची ती लांबरुंद भिंत, धिप्पाड मंगरीबाई, हे सगळं पितळेच्या एका नळीत मावतं आणि आत जाऊन चालतंफिरतं, हे कळल्यावर मला दुसरं काही सुचेना. आईनं माझी वेणी धरून मला मागं ओढलं. "काऊन गं नंदे, खालचं भिंग कोणी सरकवलं?" असं तिनं विचारलं खरं, पण उत्तराची वाट काही पाहिली नाही.

आमचं गाव एटापल्लीच्या अलीकडचं. चहूकडं साग, ऐन, मोह, बांबू. आणि उत्तरेला कधीतरी हवा स्वच्छ असली की सूरजागडचे डोंगर निळे दिसायचे, जवळ गेलं की तेच डोंगर लाल. दवाखाना म्हणजे कौलारू तीन खोल्या आणि एक लांब ओटा. त्यातल्या शेवटच्या खोलीत आई रक्त तपासायची. आमचा मुलूख हिवतापाचा. तापाचं माणूस आलं की त्याच्या बोटाला सुई टोचायची, काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, वाळला की निळ्या आणि लाल औषधात बुडवायचा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरून त्यात हिवतापाचे जंतू आहेत का, असले तर कुठल्या जातीचे, हे बघायचं. लोक तिला काचवाली बाई म्हणत आणि सूक्ष्मदर्शकाला 'बाईची दुर्बीण'. बाबा तिकडं कोरपन्याच्या बाजूला सिमेंटच्या कारखान्यात होते आणि सणासुदीला येत. म्हणजे घरात मी, आई आणि ती दुर्बीण. आणि तिघींत मान कुणाचा, हे काही वेगळं सांगायला नको.

तिची लाकडी पेटी उघडली की जो वास यायचा तो मला आजही कुठं कुठं अवचित येतो… देवदाराच्या तेलाचा गोडसर वास, त्यात काच पुसायच्या औषधाचा नाकात चढणारा दर्प, आणि पेटीच्या हिरव्या बनातीचा जुनाट, उबट वास. भिंगं पुसायला आई माझ्याच लहानपणीचं मऊ झबलं वापरायची. तिची बोटं सदा निळी. भाताचा घास कालवणारी निळी नखं, माझ्या केसांत तेल घालणारी निळी नखं; मी कितीतरी दिवस समजत होते की आया अशाच असतात. जीभ मात्र तिखट. डॉक्टरसाहेबांपासून एसटीच्या कंडक्टरपर्यंत ती कुणाची भीडभाड ठेवत नसे. तिला एकच माणूस बोलून हरवू शकायचं, ते म्हणजे ती स्वतः.

भिंगं पुसताना मात्र ती मऊ व्हायची आणि मला सांगायची. बघ, हा खालचा आरसा. दोन तोंडांचा. एक तोंड सपाट, दुसरं वाटीसारखं खोलगट. सपाट तोंड उजेड जसा येतो तसा वर धाडतं. खोलगट तोंड त्याला गोळा करून धाडतं. मग हे काच ठेवायच्या पाटाखालचं भिंग, हे त्या उजेडाला चाडीतून, नरसाळ्यातून तेल ओतावं तसं निमुळतं करून काचपट्टीच्या बरोब्बर एका ठिपक्यावर सोडतं. तिथून पुढं उजेड रक्तातून जातो आणि वरच्या भिंगात शिरतो. ते भिंग एवढं बारीक, मोहरीच्या दाण्याएवढं, की काच आणि भिंग यांच्यामधल्या हवेतसुद्धा उजेड वाकडा होऊन निसटतो. म्हणून मध्ये तेलाचा थेंब. "उजेड सांडू द्याचा नाई," ती म्हणायची, "थोडासाच मिळते आपल्याले." मग वरची नळी, आणि नळीच्या टोकाला डोळ्याचं भिंग, जे आधीच मोठं झालेलं चित्र आणखी मोठं करून आपल्या डोळ्यात ठेवतं. शाळेत पुढं ह्या सगळ्याच्या आकृत्या आल्या, बाणांच्या रेषा आल्या, नाभी आली, नाभीय अंतर आलं, आणि गुरुजी फळ्यावर रेषा ओढत असताना मला मात्र तो सगळा वेळ देवदाराचा वास येत राहिला.

पण उजेड आणायचा कुठून? गावात खांब आले होते, तारा आल्या होत्या, वीज मात्र पाहुणीसारखी यायची, चहा प्यायला टेकून उठायची. सूर्याला थेट आरशात घ्यायचं नाही, ही आईची सक्त ताकीद. एवढी भिंगं मिळून तो सूर्य डोळ्यात आणून ठेवतील आणि डोळा कायमचा जाईल. मोकळं आभाळ चाललं असतं, पण खिडकीसमोरची ती चिंच आभाळ ठेवत नव्हती. बरं, हिवताप जोर करतो कधी? पावसाळा सरता सरता, आश्विन-कार्तिकात, जेव्हा झाड हिरवंगच्च होऊन खोलीत दिवसाढवळ्या अंधारून यायचं. जेव्हा बघायचं सगळ्यांत जास्त असायचं, तेव्हाच दिसायचं सगळ्यांत कमी.

ह्यावर आईचा तोडगा म्हणजे ती भिंत. चिंचेच्या पलीकडं सोसायटीचं धान्याचं गोदाम होतं आणि त्याच्या लांब भिंतीवर दिवसभर ऊन असायचं. ती पांढरी असली की ऊन पिऊन नुसती दुधासारखी उजळायची, आणि आईचा आरसा तिच्याकडं वळवला की नळीत असा शांत, सारखा, न बोचणारा उजेड उतरायचा की बघत राहावं. म्हणून दरवर्षी पोळ्याला बाबा येताना कोरपन्याकडची भाजलेली चुनखडी आणायचे, एसटीच्या टपावर टाकून, कंडक्टरची बोलणी खात. पिंपात पाणी घातलं की ती खदखदायची, फसफसायची, वाफा सोडायची, आणि तिचा तो कोरडा, घशाला लागणारा वास अंगणभर. मग दवाखान्याचा शिपाई पळसाच्या मुळ्यांच्या कुंच्यानं भिंतीला चुन्याचा हात द्यायचा. भिंत कशासाठी पांढरी करतात, हे कुणी कधी विचारलं नाही आणि आईनं कधी सांगितलं नाही. लोकांना वाटायचं, सरकारी कारभार आहे, पांढरा असायचाच.

आता मंगरीबाईचं सांगते. नाल्यापलीकडच्या टोल्यावर, वस्तीवर राहायची. गोंड. उंच, रुंद खांद्यांची, हातभर गोंदलेली, आणि कुणाशीही बोलताना 'तू'. डॉक्टरसाहेबांनाही तू, आलेल्या मोठ्या साहेबालाही तू. तिची जैनी माझ्या वर्गात, माझ्या शेजारी बसायची. मंगरीबाईच्या घराच्या भिंती बघायला लोक वाट वाकडी करून जात. लाल माती, पिवळी माती, चुना, काजळी, एवढ्यावर ती मोर काढायची, झाडं काढायची, नाचणाऱ्या बायांची रांग काढायची. आणि काढताना गप्प असायची, एरवी गप्प बसणं तिच्या स्वभावात नव्हतं.

एका वर्षी जैनीला ताप आला. साधा नाही, डोक्यात चढणारा. मंगरीबाई तिला पाठीशी बांधून पाण्यानं भरलेला नाला ओलांडून आली. आईनं रक्त घेतलं, काच रंगवली, नळीवर वाकली आणि थोड्याच वेळात उठून डॉक्टरांकडं धावली. कोयनेलची, म्हणजे क्विनाईनची सुई लागली. जैनी वाचली. ती उठून बसायला लागली त्या दिवशी मंगरीबाईनं आईला विचारलं, "बाई, तुले माह्या पोरीच्या रगतात काय दिसलं?" आईनं तिला स्टुलावर बसवून दाखवलं. बराच वेळ ती बघत राहिली. आईनं सांगितलेलं सगळं तिला दिसलं: गुलाबी चकत्या म्हणजे रक्त, आणि त्या चकत्यांत इथं-तिथं एक निळी, केसाएवढी नाजूक अंगठी, तिच्यावर बसवलेला लालभडक खडा. तीच हिवतापाची ओळख. निळी अंगठी आणि लाल खडा. "मोठी सुंदर हाय गा," मंगरीबाई म्हणाली, "मारणारी असून." आई हसली नाही, पण मला वाटतं तिला ते पटलं होतं.

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आई कामासाठी चांद्याला गेली. चांदा म्हणजे चंद्रपूर. आमच्याकडं अजून चांदाच म्हणतात. तिथल्या दीक्षाभूमीवर दरवर्षीसारखं दर्शनही घ्यायचं होतं, म्हणून पेटीच्या तळातली पांढरी साडी तिनं बरोबर घेतली. त्या साडीला ती फार जपायची. मी डॉक्टरांच्या बायकोकडं राहिले. आणि आई नसताना मंगरीबाई मातीची टोपली, मडकी आणि कुंचे घेऊन गोदामाच्या भिंतीपाशी येऊन बसली.

ते दिवस… शाळा सुटली की मी आणि जैनी चिंचेखाली. मंगरीबाईनं सगळी भिंत आधी सूरजागडच्या लाल मातीनं पोतून काढली, वरपासून खालपर्यंत. ओली होती तेव्हा ती मेंदीच्या हातासारखी गडद दिसायची आणि वाळता वाळता तांबूस व्हायची. मग त्यावर मोर आले. पिसारा मिटलेले, पिसारा फुललेले, मान वळवून पाठीमागं बघणारे. मोहाचं झाड आलं, त्याखाली टोपल्या घेतलेल्या बाया आल्या. आणि भोवती चौकट म्हणून तिनं काय काढावं, तर अंगठ्या. निळीच्या पुडीनं काढलेल्या निळ्या अंगठ्या आणि प्रत्येकीवर लाल खडा, ओळीनं, सगळ्या भिंतीला वळसा घालून. "हे काऊन?" मी विचारलं. "भितीवर बांधून ठेवलं की घरात येत नाई," ती कुंचा न थांबवता म्हणाली. "बाईनं माही पोरगी देल्ली. मी बाईले काय देऊ? तिच्या खिडकीतून सारा दिवस हे भित दिसते. चांगलं दिसावं नं तिले."

खोटं कशाला बोलू, त्या भिंतीसारखं सुंदर काही मी त्यानंतर फार थोडं पाहिलं.

आई संध्याकाळच्या गाडीनं आली. पिशवी खांद्याला तशीच ठेवून भिंतीसमोर उभी राहिली. मंगरीबाई बाजूला, हात मातीचे, तोंडभर हसू. ज्या बाईनं आयुष्यात कुणाला सोडलं नाही ती माझी आई एवढंच म्हणाली, "लय मेहनत केली मंगरीबाई. लय छान झालं."

सकाळी ती नळीवर वाकली आणि तशीच वाकून राहिली. आरसा बिचारा काय करणार? त्याच्यासमोर असेल तेच तो देतो. त्या दिवशी त्याच्यासमोर लाल भिंत होती, म्हणून नळीत मळकट, तांबूस संध्याकाळ उतरली होती. आईनं सपाट तोंड फिरवलं, खोलगट लावलं, खालचं भिंग वर-खाली केलं, निळी काच सरकवून बघितली, तर होता तोही उजेड गेला. निळी अंगठी कुठं कुठं काळपट रेघ होऊन दिसायची, पण तो लाल खडा, ज्याच्यावर ओळख पटवायची, तो त्या लाल उजेडात विरून जायचा. आई आरसा आणि भिंगं पुन्हा पुन्हा पुसत होती. त्यांचा काही दोष नव्हता.

टेबल बाहेर काढून बघितलं. वारा, धूळ, आणि तपासून घ्यायला आलेली माणसं दुर्बिणीभोवती गोळा. मग चार दिवसांनी आईनं ती पांढरी साडी काढली आणि गोदामाच्या वळचणीला बांधून भिंतीवर सोडली, खाली दगड ठेवले. उजेड आला, पण वाऱ्याबरोबर हलणारा. नळीत सगळं रक्त थरथरायचं आणि दुपारपर्यंत आईचं डोकं उठायचं. संध्याकाळी ती साडी उतरवायची, झटकायची, घडी करायची. "सांगून टाक ना तिला," डॉक्टरांच्या बायकोनं म्हटलं. "काय सांगू?" आई म्हणाली, "तू माझ्यासाठी केलं ते पुसून टाक म्हणून सांगू?" आणि विषय बंद.

मंगरीबाई बाजाराच्या दिवशी त्या वाटेनं आली. तिनं तिचे मोर बघायला मान वळवली आणि तिला भिंतीभर ताणलेली साडी दिसली. ती थांबली नाही. दवाखान्याच्या ओट्यावर दर बाजाराला टेकणारी, आईला जोहार घालून टोपलीतून काहीबाही काढून देणारी मंगरीबाई सरळ निघून गेली. पुढच्या बाजाराला ती त्या वाटेनं आलीच नाही, लांबच्या वाटेनं गेली. गाव लहान, बोलणं फिरत आलंच. ती म्हणत होती, "बाईले माह्या हातचं चालत नसन."

आईच्या कानावर हे ओट्यावरच्या एका म्हातारीनं घातलं. आईच्या हातात भरलेली काच होती, ती तिनं हळूच खाली ठेवली. आईच्या आईला, माझ्या आजीला, गावच्या विहिरीवर लोक वरून ओंजळीत पाणी घालत. आई तिच्या पदराला धरून उभी असायची. हे मला माहीत होतं, कारण आईनं मला ते एकदाच सांगितलं होतं आणि पुन्हा विचारू दिलं नव्हतं. त्या आईबद्दल मंगरीबाईनं असं म्हणावं… त्या दिवशी आई जेवली नाही. मला तिचा राग आला, मंगरीबाईचाही राग आला, आणि भिंतीकडं बघितलं की रडूही यायचं.

आणि जैनी शाळेत येईना. एक दिवस नाही, दोन दिवस नाही… मी आईला सांगितलं. तापाचे दिवस होते. आईनं विचारलं, "दवाखान्यात आणलं होतं का तिले?" नव्हतं आणलं. आईनं पायांत चपला सरकवल्या आणि नाल्याच्या दिशेनं निघाली, मी मागं धावत.

जैनी ओसरीत घोंगडीवर होती, डोळे अर्धे उघडे, ओठ फुटलेले. मंगरीबाई उशाशी. तिनं आईकडं बघितलं आणि म्हणाली, "कायले आली बाई? माह्या हातचं तुले चालत नाई, तं माही पोरगी कशी चालन?" मला वाटलं, आई आता बोलेल, जे काय दाबून ठेवलंय ते सगळं बोलेल. पण आई मटकन खाली बसली, मंगरीबाईच्या मडक्यातलं पाणी तिनं स्वतः ओगराळ्यानं घेतलं, घटघटा प्यायली, आणि ओगराळं खाली ठेवून म्हणाली, "लेकराले उचल मंगरीबाई. मग मले काय बोलाचं ते बोल." मंगरीबाईनं जैनीला उचललं.

डॉक्टरांनी नेहमीच्या गोळ्या चालू केल्या, पण त्यांना डोक्यात चढणाऱ्या तापाची शंका होती, आणि कोयनेलच्या सुया अगदी थोड्या उरल्या होत्या. दुसऱ्या खोलीत आणखी एक म्हातारा तसाच तापानं पडलेला. काच बघून सांगा, ते आईला म्हणाले. दुपार कलत आली होती. आईनं काच रंगवली, वाळवली, टेबलापाशी आली, आणि दारात उभ्या मंगरीबाईला म्हणाली, "इकडं ये. बस." त्या दिवशी साडी भिंतीवर नव्हती, धुवून वळणीवर टाकली होती. "मागच्या वर्षी तुले अंगठी दिसली होती. तिचा खडा दिसला होता. आता बघ."

मंगरीबाईनं डोळा लावला. मग म्हणाली, "सारं लालच हाय बाई. लालात लाल कसा दिसन?" एवढं बोलली आणि थांबली. रंगातली बाई ती. तिला पुढचं सांगावं लागलं नाही. तिनं मान वर केली, आरशाकडं बघितलं, आरशातून खिडकीकडं, खिडकीतून भिंतीकडं. तिचे मोर तिथं उन्हात बसले होते.

"आधी काऊन नाई सांगतली?" ती म्हणाली. आईचे डोळे भरून आले होते आणि भरल्या डोळ्यांनी नळीत बघता येत नाही, म्हणून ती ते निळ्या बोटांनी घाईघाईनं पुसत होती.

मंगरीबाई बाहेर गेली, वळणीवरची ओली साडी ओढून घेतली आणि ओट्यावरच्या बायांना हाका मारल्या. त्या पाच-सहा जणी, तापाची पोरं खाली ठेवून, भिंतीशी गेल्या आणि हात वर करून त्यांनी साडी भिंतीला घट्ट दाबून धरली. वरचा काठ मंगरीबाईनं, कारण तीच सगळ्यांत उंच. ओल्या साडीतून मोर पुसट दिसत होते, पण ऊन चांगलं होतं. उजेड आला. हलत नव्हता. आईनं तेलाचा थेंब सोडला, भिंग खाली आणलं. आई काच तसूतसूनं सरकवत होती. बाहेर बायांचे हात थरथरायला लागले तशी एक म्हणाली, "झालं का बाई?" मंगरीबाई तिच्यावर खेकसली, "हालू नोको."

"दिसला," आई म्हणाली. "खडा दिसला." आणि डॉक्टरांना हाक मारत धावली.

जैनी त्याही खेपेला वाचली. तो म्हाताराही वाचला. त्याचा ताप दुसऱ्या जातीचा निघाला आणि त्याला साध्या गोळ्या पुरल्या.

जैनी उठून पेज पिऊ लागल्यावर एका सकाळी मंगरीबाईनं पिंपात राहिलेला चुना घोटला. आई म्हणाली, "राहू दे, साडी आहे." मंगरीबाई म्हणाली, "लुगडं हालते. अन् तुह्यं ते देवाचं लुगडं, रोज भितीले घासून फाटन." आमच्यात देवाचं काही नसतं, पण ते समजावायची ती वेळ नव्हती. आई खिडकीशी थांबली नाही. कापसाच्या बोळ्यांचं काहीतरी काम काढून आतल्या खोलीत गेली. मी मात्र नळीला डोळा लावून खालचं भिंग सरकवलं. तिळाएवढी मंगरीबाई तिळाएवढ्या कुंच्यानं आपल्याच मोरांवरून हात फिरवत होती. ओला चुना पांढरा नसतो, हे मला तेव्हा कळलं. तो लावला तरी मोर तसेच, पाण्याखाली असावेत तसे दिसत राहतात. मग ऊन लागतं, चुना वाळत जातो, आणि ते आतून पुसट होत जातात. आधी पिसारे गेले, मग बाया, मग माना. चौकटीतल्या अंगठ्या सगळ्यांत शेवटी गेल्या. चुन्याचे हात तसेच घेऊन मंगरीबाई आत आली, मला स्टुलावरून हुसकावून तिनं स्वतः बघितलं, "अजून एक मोर दिसून राह्यला" म्हणाली आणि जाऊन दुसरा हात दिला. नळीतला उजेड दूध झाला. त्यानंतर दरवर्षी ती भिंत तिनंच पांढरी केली, शिपायाला तिनं हात लावू दिला नाही, आणि तिथं पुन्हा कधी काही काढलं नाही.

मग आईची बदली सिरोंच्याला झाली, मग चांद्याला. मी शिकले, नोकरीला लागले, नागपूरची झाले. आई आता नाही. शेवटी शेवटी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि ती खिडकीशी बसून म्हणायची, समोरच्या घराला जरा पांढरा रंग द्यायला सांगा गं त्यांना.

गेल्या वर्षी जैनीच्या मुलीच्या लग्नाला मी त्या गावी गेले. दवाखाना नव्या इमारतीत गेलाय, सूक्ष्मदर्शकाला खालून दिवा आहे, आणि बहुतेक वेळा तर रक्ताचा थेंब एका पट्टीवर टाकला की हिवताप आहे की नाही ते तीच सांगते. रस्त्यावरून डोंगरातल्या लोखंडाच्या दगडाचे ट्रक जातात आणि झाडांची पानं लाल धुळीनं माखलेली असतात. चिंच तोडली. गोदाम मात्र उभं आहे, रिकामं. त्या भिंतीला कित्येक वर्षांत कुणी चुना लावलेला नाही. पावसानं जुना धुऊन काढलाय, पोपडे पडलेत, आणि खालून सूरजागडची माती वर आली आहे. एक मोर जवळजवळ पूर्ण आहे. मान वळवून पाठीमागं बघणारा. कोपऱ्यात अंगठ्याही आहेत, नीळ उडालेली, खडे तेवढे शाबूत. मी उन्हात तिथं बराच वेळ उभी राहिले.

मंगरीबाई ओसरीत बसली होती. फार थकली आहे, तिचेही डोळे आता दुधाळ झालेत. मी तिचा हात हातात घेतला, नाव सांगितलं, तिनं माझा चेहरा चाचपला. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मंगरीबाई, गोदामाच्या भिंतीवर तुझे मोर वर आले."

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती घाईघाईनं उठायला लागली, एक हात भिंतीला, दुसऱ्या हातानं माझा खांदा धरून. "मग चुना लावा लागन नं पोरी," ती म्हणाली. "बाईले दिसन कसं?"

जैनीनं माझ्याकडं बघितलं. आई गेल्याचं तिनं आपल्या मायला सांगितलं होतं, ती विसरली होती. मी मंगरीबाईला धरून खाली बसवलं आणि पोळ्याच्या आधी लावू, असं सांगितलं.